कपाळावरचा गॉगल

(सुरुवात: पहाट, अक्कलकोट रोड एमआयडीसी, बॉयलरचं धुराडं. मग रंगखात्याचं दार उघडतं.)

जानेवारीतली पहाट. सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरलाय आणि इथे पहिल्या पाळीचा बॉयलर पेटलाय. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पण मागावर चढण्याआधी सूत जातं ते या दारातून.

दार उघडलं की आधी काही दिसतच नाही, नुसती वाफ. मग हळूहळू हौद दिसतात, सळयांवर टांगलेल्या सुताच्या लड्या दिसतात, लड्या फिरवणारे हात दिसतात. हा व्हॅट रंगाचा, म्हणजे हवा लागली की सुतात पक्का बसणाऱ्या रंगाचा हौद. पाणी ५० ते ६० अंश सेल्सिअस, त्यात रंग, कॉस्टिक सोडा आणि रंग विरघळवायला मदत करणारं हायड्रोस. लडी हौदातून वर आली, हवा लागली, की बघता बघता रंग पालटतो. पुढच्या हौदात तीच लडी उकळत्या साबणाच्या पाण्यात जाईल.

आता या माणसांच्या कपाळाकडे बघा. गॉगल प्रत्येकाकडे आहे. डोळ्यांवर मात्र एकाच्याही नाही.

याला निष्काळजीपणा म्हणणं फार सोपं आहे. तोच गॉगल लावून या हौदापाशी दोन मिनिटं उभं राहा. हे दृश्य कॅमेऱ्यापुढे गॉगल धरूनच घेतलंय. आधी कडा पांढऱ्या होतात, मग मधला भाग, मग लडी कुठे आणि हौदाचा काठ कुठे, काहीच कळत नाही. ओल्या फरशीवर, गरम हौदाच्या काठाशी, आंधळं होऊन कोण काम करेल? म्हणून गॉगल वर जातो. कॉस्टिकचा थेंब मात्र वाफ बघून उडत नाही. तो डोळ्यात गेला तर काही सेकंदांत बुबुळ पोळायला लागतं, दृष्टी कायमची जाऊ शकते.

(काचेचा अगदी जवळून शॉट.)

काचेवर हे जे पांढरं दिसतंय, ते बारीक थेंबांचं जाळं आहे. ३५ अंशांची, ओलाव्याने पूर्ण भरलेली हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम पाणी धरते. तीच हवा २५ अंशांवर आली की २३ ग्रॅमच धरू शकते. उरलेलं पाणी जी वस्तू गार असेल तिच्यावर बसतं. गॉगलच्या आत घामेजलेली कातडी, वर चढणारा श्वास आणि पुढे थंड काच. म्हणून गड्ड्याच्या दिवसांत पहाटेच्या पाळीला त्रास सगळ्यात जास्त; पावसाळ्यात त्याच्या खालोखाल. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात दुपारी हाच गॉगल बराच वेळ स्वच्छ राहतो.

गॉगलची काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. हजारो थेंब प्रकाश वेडावाकडा फेकतात, म्हणून पांढरं दिसतं. तेच पाणी सपाट पसरलं तर आरपार दिसेल. पाणी कमी करा, काच उबदार ठेवा, नाहीतर थेंबाला पसरायला लावा. उपाय या तीनच वाटांनी जातात.

(चहाचा ग्लास, त्यावर धरलेला गॉगल.)

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त. या काचेच्या डाव्या अर्ध्या भागाला भांडी घासायचा लिक्विड साबण लावलाय, उजवा भाग तसाच. खाली कटिंगचा वाफाळता ग्लास. बघा. उजवीकडे दुधी काच, डावीकडे ग्लासाची कड न् कड दिसतेय.

आता हे करायचं कसं, ते हातांकडे बघून घ्या. आधी गॉगल नळाच्या वाहत्या पाण्याखाली. कोरड्या फडक्याने पुसायला जाऊ नका. काचेवर सुताचं तूस आणि रसायनाचे वाळलेले कण असतात, पुसताना तेच ओरखडे पाडतात. पाणी झटका. मग मुगाच्या दाण्याएवढा साबण, त्याहून जास्त नको, स्वच्छ बोटाने काचेच्या आतल्या बाजूला पसरा. फोमच्या कडेपासून बोटभर जागा सोडा. घामाबरोबर साबण ओघळून डोळ्यात गेला की चुरचुरतं, आणि माणूस पुन्हा गॉगल लावणार नाही. पाच मिनिटं सावलीत वाळू द्या. वर जो धुरकट थर राहील तो जुन्या, धुतलेल्या मलमलीने हलक्या हाताने पुसा, काच आरपार दिसेपर्यंतच. नंतर पाण्याने धुवायचं नाही, तो न दिसणारा थरच कामाचा आहे. बाहेरून हौदाची वाफ बसते, म्हणून बाहेरच्या बाजूलाही तसंच करा. ज्यांना नंबरचा चष्मा आहे, त्यांनी चष्म्याच्याही दोन्ही बाजूंना. हा थर काही तासच टिकतो. पाळीच्या सुरुवातीला एकदा आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा, एवढं धरून चालायचं.

गॉगल कंपनीतूनच वाफरोधक थर लावून आला असेल तर मात्र साबण नको. तो थर पाणी शोषतो आणि ओला असताना मऊ असतो. बोट फिरवलं तरी निघतो. नुसतं पाण्याने धुऊन, झटकून, टांगून वाळवा. आणि थिनर किंवा अॅसिटोन कुठल्याच गॉगलला नाही. रंगाचा डाग जातो खरा, पण पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

(गॉगलच्या वरच्या कडेचा जवळून शॉट. दात घासायचा जुना ब्रश.)

आता सोलापूरचं खास दुखणं. गॉगलच्या वर-खाली या छोट्या टोप्या दिसतात ना, त्यांच्या आडून हवा वळसा घेऊन आत येते. थेंबाला वळसा घेता येत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. रसायनाजवळ असाच गॉगल लागतो. पण सुताच्या कारखान्यात या टोप्यांखाली काय साठतं बघा. निळं, लाल, पांढरं तूस, ओलं होऊन घट्ट बसलेलं. हवेची वाट बंद, गॉगलची डबी झाली. या टोप्या बहुतेक गॉगलना नखाने उचकटून निघतात. ब्रशने झाडा, पाण्याची धार मारा, परत बसवा. आठवड्यातून दोनदा.

काही जण यावर तापवलेल्या सुईने काचेच्या बाजूला भोकं पाडतात. वाफ थांबते, पण थेंबाला सरळ रस्ता मिळतो. असा गॉगल पाहिला की बाजूला काढा.

एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्यांच्या बंदुकींनी लुटुपुटूची लढाई, खेळणाऱ्यांचंही रडगाणं हेच. पळून पळून घाम येतो, काच पांढरी होते, आणि खेळ चालू असताना गॉगल काढायला सक्त मनाई असते. त्यांच्यातले काही जण काचेऐवजी पोलादी जाळीचा गॉगल लावतात; जाळीवर वाफ धरतच नाही. कॉस्टिक त्या जाळीतून थेट डोळ्यात येईल, त्यामुळे ती युक्ती इथे बाद. पण त्यांच्यात रुळलेली दुहेरी काच इथे चालते. दोन काचांमध्ये हवेची पोकळी असते, आतली काच चेहऱ्याच्या उबेने उबदार राहते. तिला बादलीत बुडवायचं मात्र नाही. पोकळीत पाणी शिरलं की वाफ आतच अडकते आणि गॉगल वाया जातो.

(रुमाल बांधलेला कामगार. गॉगल कपाळावरून खाली येतो, लगेच पांढरा होतो.)

हे दृश्य पुन्हा बघा. गॉगल कपाळावर होता. कपाळाची ऊब आणि घाम त्यात भरला, खाली ओढल्याबरोबर काच गेली. उसंत हवी असेल तर हौदापासून लांब जाऊन गॉगल पूर्ण काढा, खुंटीला टांगा. खुंटी रंगखात्याच्या उबेतच असू दे. बाहेरच्या गार खोलीत रात्रभर ठेवलेला गॉगल आत आल्या आल्या पांढरा होणारच. वाफेच्या पाइपवर मात्र ठेवू नका, फ्रेम वाकडी होते.

आणि हा रुमाल. नाकावरून बांधला की श्वास गालांवरून थेट वर, गॉगलमध्ये. त्यापेक्षा नाकावर तार असलेला मास्क घ्या आणि तार नीट दाबून बसवा. घामाने चिंब झालेला फोमही आत ओल सोडत राहतो, तो रोज धुऊन वाळवला पाहिजे.

पंख्याचं थोडक्यात. पंखा कामगाराच्या पाठीमागून, थोडा बाजूने, वाफ समोरच्या एक्झॉस्टकडे ढकलेल असा लावा. समोरून लावलेला पंखा सगळी वाफ तोंडावर आणतो. अर्थिंग तपासलेलं हवं, फरशी ओली आहे. रिकाम्या वेळी हौदावर झाकण.

खरेदी करताना आयएस ५९८३ हे भारतीय मानक बघा. ईएन १६६ या युरोपीय मानकाचा गॉगल असेल तर फ्रेमवर ३ हा आकडा म्हणजे द्रवाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, काचेवर एन (N) हे अक्षर म्हणजे वाफरोधक. पण त्या एनची चाचणी ८ सेकंदांची असते, आणि लडीचा माणूस हौदाशी अख्खी पाळी उभा असतो. म्हणून एन असला तरी वर सांगितलेलं सगळं करायचंच. एका कामगारामागे दोन गॉगल द्या. एक डोळ्यांवर, दुसरा धुऊन वाळत. मालकांनी हा खर्च सुताच्या हिशेबातच धरायला हवा.

तरीही थेंब डोळ्यात गेला, तर त्याच क्षणी वाहतं स्वच्छ पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून, किमान १५ मिनिटं, आणि लगेच डॉक्टर.

(कॉस्टिक विरघळवण्याचा हौद.)

पाळीतलं सगळ्यात धोक्याचं काम हे. आधी पाणी, मग कॉस्टिकचे फ्लेक्स, थोडे थोडे, ढवळत. फ्लेक्सवर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. पाणी तापतंय, वाफ वर येतेय. "अण्णा, दिसतंय का?" पलीकडून विचारणा होते. अण्णा मान हलवतात, पुढची मूठ टाकतात. गॉगल डोळ्यांवर आहे, काचेत हौदाची कड दिसतेय.