उट्रेख्तच्या माशांची बेल

श्रोतेहो, नमस्कार.

आज नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात एक फेरी मारायची आहे, ऋतूंच्या क्रमाने, आणि वाटेत माशांसाठी वाजवायची एक बेल बघायची आहे. पण आधी एक गोष्ट मिटवून टाकू. त्या देशाला आपण सर्रास हॉलंड म्हणतो. हॉलंड नावाचे तिथे दोन प्रांत आहेत, उत्तर आणि दक्षिण. उट्रेख्त त्या दोन्हींत येत नाही, तो स्वतंत्र प्रांत आहे. तेव्हा उट्रेख्तच्या माणसाला हॉलंडचा म्हणणं म्हणजे नागपूरकराला कोकणी म्हणण्यासारखं आहे.

या शहराच्या मधोमध आउदेख्राख्त वाहतो. नावाचा अर्थ ‘जुना कालवा’. हा कालवा दुमजली आहे. वर रस्ता, घरं, सायकली. तिथून पायऱ्या उतरलात की पाण्याला लागून फरसबंदी धक्का, आणि धक्क्यावर उघडणारी तळघरं. मध्ययुगात होडीतला माल सरळ या तळघरांत जायचा. आता तिथे हॉटेलं आहेत. एप्रिलमध्ये ऊन पडलं रे पडलं की लोक तिथे खुर्च्या टाकून बसतात, पाणी अगदी पायाशी. मग ते टेबलाखाली कसं येत नाही? कारण ते मोकळं सोडलेलं नाही. 1122 साली वरच्या अंगाला, वाइक बाय दूरस्टेड या गावी, क्रोमे राईन नदीवर बांध पडला. शहराच्या खालच्या अंगाला पाणी अडवणारं दार आलं. पातळी जागच्या जागी राहू लागली, म्हणून पाण्याच्या काठावर धक्के बांधता आले. हे दार लक्षात ठेवा. आपण पुन्हा त्याच्यापाशी येणार आहोत.

तर सुरुवात ऑक्टोबरपासून. दिवस भराभर लहान होतात, ऑफिस सुटेपर्यंत अंधार. सायकलला पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा आणि मागे लाल, हा कायदा आहे. नसेल तर दंड. या दिवसांत सायकलवाले पडतात ते बहुधा ओल्या पानांवर, वळणावर ब्रेक दाबला की. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आणि छत्री नेऊ नका. तिथला पाऊस आडवा येतो, वारा छत्री उलटी करतो. रेनकोट आणि वर रेनपँट. आपल्याकडेही स्कूटरवर एका हातात छत्री धरणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

सायकल लावायची तर मुख्य रेल्वे स्टेशनच्या खाली 12,500 सायकलींचा तळ आहे, तीन मजली. 2019 साली तो पूर्ण झाला तेव्हा जगातला सगळ्यांत मोठा ठरला. पहिले 24 तास फुकट. फक्त ओळीचा नंबर लिहून ठेवा किंवा फोटो काढा. साडेबारा हजारांत आपली काळी सायकल नुसती नजरेने सापडत नाही.

11 नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. हा उट्रेख्तचा ग्रामदैवतासारखा संत. संध्याकाळी पोरं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. आणि मग येतात ओलीबोलन. रस्त्याच्या कडेला गाडे लागतात, 31 डिसेंबरला तर त्यांच्यासमोर रांगा. ओलीबोलन म्हणजे आपल्या गुलगुल्यांचे यीस्ट घातलेले चुलतभाऊ. अर्धा किलो मैदा, अर्धा लिटर कोमट दूध, 7 ग्रॅम कोरडं यीस्ट, एक अंडं, थोडी साखर, चिमूटभर मीठ, मनुका आणि सफरचंदाचे बारीक तुकडे. तासभर झाकून फुगवायचं. पीठ भज्यांपेक्षा घट्ट आणि चिकट हवं. तेल 180 अंशांवर. तेल जास्त तापलं तर बाहेरून काळे, आतून कच्चे. कमी तापलं तर तेल पितात. भिजवलेल्या मनुका कापडावर कोरड्या करून मगच पिठात टाका, नाहीतर पाणी तडतडून हातावर तेल उडतं. वरून पिठीसाखर.

आता मार्च. आणि आता ते दार.

आउदेख्राख्त शहराच्या उत्तर टोकाला फेख्त नदीला मिळतो, तिथे हे दार आहे. नाव वेर्डस्लाउस. स्लाउस म्हणजे जलपाश: पाण्याची एक लांबट खोली, दोन्ही टोकांना दारं. शहरातलं पाणी वर, नदीचं खाली. होडी खोलीत शिरते, मागचं दार बंद होतं, दारातल्या छोट्या झडपा उघडून पाणी समपातळीत आणतात, मग पुढचं दार उघडतं. पाणी एका पातळीत आल्याशिवाय दार हलत नाही, एवढा दाब त्याच्यावर असतो. वेर्डस्लाउसची दारं आजही माणूस हाताने उघडतो. उन्हाळ्यात होड्यांची वर्दळ असते, दार सारखं उघडतं. मार्च-एप्रिलमध्ये होड्या फारशा नसतात, त्यामुळे दार बहुधा बंद.

आणि नेमके त्याच दिवसांत मासे प्रवासाला निघतात. फेख्तमधून वर, शहरातल्या कालव्यांतून, पुढे क्रोमे राईन नदीकडे. उथळ पाणी लवकर कोमट होतं, तिथे पाणवनस्पती असतात, अंडी घालायला जागा मिळते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे चढणीचे मासे. मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतात ना, वलगणीचे म्हणतात कोकणात, तेच. आपल्याकडे ते पावसाने निघतात, तिथे पाण्याच्या ऊबेने. हे मासे येतात आणि बंद दारासमोर थांबतात. झुंडीने थांबतात. थांबले की पाणकावळ्यांची आणि डुबकी मारणाऱ्या ग्रीब पक्ष्यांची चंगळ. एका जागी उभं असलेलं ताटच ते.

दारापाशी ताटकळलेले हे मासे मार्क व्हान ह्यूकेलम या परिसंस्थातज्ज्ञाने पाहिले. आता दारासमोर पाहुणा उभा असेल तर काय करतो? बेल वाजवतो. माशाला हात नाहीत. मग त्याच्या वतीने कुणीतरी वाजवावी! 2021 साली ही बेल सुरू झाली. डच नाव ‘व्हिसडूरबेल’, शब्दशः माशांची दारावरची बेल. दाराच्या नदीकडच्या अंगाला पाण्याखाली कॅमेरा. त्याचं चित्र इंटरनेटवर थेट, रात्रंदिवस. चित्राखाली एक बटण. मासा दिसला की बटण दाबायचं. दाबल्याबरोबर त्या क्षणाचा फोटो निघतो, जलपाशाच्या बाजूची माणसं ते फोटो पाहतात, आणि बरेच मासे साठलेत असं दिसलं की दार उघडतं.

पुन्हा सांगतो, कारण इथेच लोकांची चूक होते. बटण दाबलं की दार आपोआप उघडत नाही. बटण दाबलं की फोटो निघतो. दार माणूसच उघडतो. त्यामुळे ‘मी वाजवली आणि काहीच झालं नाही’ ही तक्रार फोल आहे.

दुसरी चूक. पाणी गढूळ, हिरवट. त्यात पान वाहत येतं, बुडबुडे येतात, आणि घाईघाईने बटण दाबलं जातं. पान सरळ वाहत जातं. मासा थांबतो, वळतो, तोंड प्रवाहाकडे करतो. कॅमेऱ्यासमोर पक्षी आला तरी बटण नाही. मासा दिसला तरच बेल. पान, बुडबुडा, पाणकावळा, यांना बेल नाही.

कोण कोण दिसतं? आधी पाईक, लांब चपट्या तोंडाचा, शिकारी, एकटाच येतो. मग पर्च, अंगावर उभे काळे पट्टे आणि खालचे पर लालसर. रोच, रुपेरी, डोळा तांबडा, घोळक्याने. आणि पाणी चांगलं कोमट झालं की ब्रीम, पापलेटासारखा बाजूने दाबलेला, पण ताटात मावणार नाही एवढा. बराच वेळ मात्र काहीच दिसत नाही. नुसतं हिरवं पाणी. लोक तेही बघत बसतात.

जाता जाता एक बोलतोच. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात. ते काढायला उशीर झाला तर आपले चढणीचे मासेही असेच डोकं आपटत राहतात, आणि खाली जाळं लावून माणसं उभी. गाभोळीने भरलेली मादी धरण्यात कसली मर्दुमकी, हे मला कधी कळलेलं नाही.

असो, वेळ संपत आलाय. 27 एप्रिल हा राजाचा वाढदिवस. उट्रेख्तमध्ये आदल्या संध्याकाळपासून रात्रभर लोक घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकतात. सुट्टे पैसे न्या. जूनच्या मध्याला नवा हेरिंग मासा येतो, मिठातला, कच्चा, वर चिरलेला कांदा. परजीवी मरावेत म्हणून तो आधी उणे 20 अंशांवर गोठवलेला असतो, तेव्हा घाबरू नका.

आणि बेल वाजवायची असेल तर वेळ लिहून घ्या. मासे जास्त करून अंधारात हलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासाने पुढे जातात. त्याआधी ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यानंतर साडेतीन. म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही सकाळी सहाला चहा टाकाल तेव्हा तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असतील. चहा उकळेपर्यंत मोबाइलवर दारापाशी बघून या. मे संपेपर्यंत. आणि पान दिसलं तर बटण नाही.

नमस्कार.