डायमध्ये अडकलेली पुंगळी

डोळ्यांसमोर आणा रिलोडिंग प्रेसचे, म्हणजे झाडलेली काडतुसे पुन्हा भरण्याच्या दांड्याच्या यंत्राचे, डोके. त्यात एक पोलादी डाय, म्हणजे पोकळ साचा, बसवलेली आहे आणि डायच्या तोंडातून रायफलीच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचे बूड तेवढे बाहेर डोकावते आहे. बुडाची कड एका बाजूने तुटलेली आहे. दांडा खाली ओढला तेव्हा पुंगळी डायमध्ये गेली. दांडा वर उचलल्यावर ती बाहेर यायला हवी होती, पण ती जागची हलली नाही आणि तिला धरून ठेवणाऱ्या शेलहोल्डरने तिची कड मात्र ओरबाडून आणली. झाडलेली काडतुसे पुन्हा भरण्याचे काम, जिथे कायद्याने त्याला परवानगी आहे तिथे, वर्षानुवर्षे करणाऱ्या बहुतेकांनी हे दृश्य निदान एकदा तरी पाहिलेले असते, आणि बहुतेकांना ते अशाच वेळी दिसते जेव्हा काम उरकण्याची घाई असते.

अडकण्याचे कारण समजण्यासाठी आधी पुंगळीचे काय होते ते पाहिले पाहिजे. काडतुसाची पुंगळी साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. गोळी झाडली जाते त्या क्षणी आतल्या वायूच्या दाबाने हे पितळ फुगते आणि बंदुकीच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते. दाब उतरल्यावर ते किंचित आक्रसते, म्हणूनच पुंगळी बाहेर काढता येते, परंतु ती पूर्वीच्या मापावर परतत नाही. ती पुन्हा वापरायची तर बाहेरून दाबून लहान करावी लागते, आणि हे काम साइझिंग डाय करते. ती पुंगळीचे अंग, खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) आणि मान एकाच वेळी आवळते; डायमधल्या दांडीच्या टोकाची पिन जुना प्राइमर, म्हणजे बुडात बसवलेली ठिणगी देणारी वाटी, खाली ढकलून देते; आणि पुंगळी बाहेर येताना त्याच दांडीवरची गोलसर घुंडी मानेतून ओढली जाऊन मानेचे आतले माप नेमके करते. आवळण्याचे प्रमाण मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजावे इतके अल्प असले, तरी त्यासाठी लागणारा दाब मात्र मोठा असतो.

या दाबाखाली पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये वंगणाचा पातळ पडदा टिकला, तर पुंगळी सरकते. तो पडदा एखाद्या ठिकाणी फाटला, तर तिथे दोन्ही धातू थेट एकमेकांवर घासतात, पितळेचा कण पोलादाला चिकटून बसतो, आणि मग तो कणच पुढच्या पितळेला खरवडू लागतो. घर्षण वाढते, दांडा जड होतो आणि पुंगळी थांबते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण साऱ्या प्रकरणाचे मूळ तीत आहे. पुंगळी आत ढकलताना प्रेसचा जोर तिच्या सबंध बुडावर पडतो. बाहेर ओढताना मात्र तोच जोर केवळ पातळ कडेवर येतो, आणि शेलहोल्डर एका बाजूने उघडा असल्याने ती कडही सर्व बाजूंनी धरलेली नसते. आत जाण्याची वाट म्हणूनच नेहमी बाहेर येण्याच्या वाटेपेक्षा सोपी वाटते. प्रेसची रचनाही अशी असते की दांड्याच्या शेवटच्या टप्प्यात हाताचा जोर अनेक पटींनी वाढतो. जी पुंगळी कोरडी असूनही आत रेटली गेली, ती बाहेर काढण्याइतके बळ तिच्या कडेत असेलच असे नाही.

आता अडकलेली पुंगळी काढण्याकडे वळू.

कड अजून शाबूत असेल आणि पुंगळी अडली असल्याचे नुकतेच जाणवले असेल, तर दांड्यावर लोंबकळू नये. पुंगळी आणि डाय यांच्या फटीत भेदक तेल सोडून काही तास थांबावे आणि मग हलक्या, सलग ओढीने पाहावे. डाय फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपायही पुष्कळ जण सांगतात, आणि त्यामागचे तत्त्व खरे आहे: थंड झाल्यावर पितळ पोलादापेक्षा अधिक आक्रसते. पण किती अधिक, हेही मोजून पाहावे. एक अंश सेल्सिअसमागे या दोन धातूंच्या आकुंचनातला फरक दर मीटरला साधारण 8 मायक्रॉन आहे. पुंगळीचा व्यास 12 मिलिमीटर धरला आणि तापमान 40 अंशांनी उतरवले, तर मिळणारी मोकळीक जेमतेम 4 मायक्रॉन भरते. कधी तेवढ्याने काम होते, बहुधा होत नाही. याच्या नेमका उलटा उपाय, म्हणजे डायला ज्योतीने तापवणे, हा मात्र कधीही करू नये. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते, आणि डायच्या पोलादाला दिलेले पाणी उतरते ते वेगळेच.

कड तुटली असेल तर खात्रीचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे पुंगळीच्या बुडाला नवी पकड तयार करणे. बाजारात यासाठी तयार संच मिळतात. संचात एक ड्रिल, आटे पाडण्याचा टॅप, एक पोकळ पोलादी टोपी, वॉशर आणि बोल्ट असतो. प्रचलित संचांत पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटर व्यासाचा आणि इंचाला 20 आटे असलेला बोल्ट वापरतात, आणि त्याच्या टॅपसाठी सुमारे 5.1 मिलिमीटरचे भोक पाडावे लागते.

कामाला हात घालण्यापूर्वी प्राइमरच्या खळग्यात डोकावून पाहावे. खळगा रिकामा असला पाहिजे. साइझिंग करताना जुना प्राइमर गळून पडलेला असतो, त्यामुळे तो बहुधा रिकामाच असतो. पण पिन मोडलेली असेल, किंवा कोणी पिन काढून ठेवून पुंगळी आवळत असेल, तर आत न फुटलेला प्राइमर असू शकतो. अशा पुंगळीवर ड्रिल चालवणे किंवा हातोडी मारणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे. तेल सोडले की प्राइमर मेला, असे सर्रास बोलले जाते, पण त्यावर विसंबता येत नाही. अशी डाय आहे तशी जाणत्या बंदूक कारागिराच्या हाती सोपवावी. खळगा रिकामा असल्याची खात्री झाली तरी डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पितळेचा कीस बारीक, टोकदार आणि उडणारा असतो.

मग डायच्या माथ्यावरचे कुलूपनट सैल करून आतली दांडी जितकी वर घेता येईल तितकी घ्यावी. ही पायरी वगळली तर ड्रिल बूड भेदून थेट दांडीच्या टोकावर जाते, आणि एका पुंगळीपायी दांडी आणि पिन दोन्ही गमवावी लागतात. त्यानंतर डाय उलटी करून व्हाइसमध्ये धरावी. बाहेरचे आटे चिरडू नयेत म्हणून जबड्यांना लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे लावावेत. मोठ्या रायफल-प्राइमरचा खळगा सुमारे 5.3 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ड्रिल त्यात सहज उतरते आणि खळगाच त्याला सरळ धरतो. लहान प्राइमरचा खळगा साधारण साडेचार मिलिमीटरचा असल्याने तिथे ड्रिल खळग्याच्या भिंतीही कापत जाते. अशा वेळी ते तिरके जाणार नाही याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. बूड आरपार झाले की टॅप फिरवून आटे पाडावेत. टॅप थोडा पुढे, मग अर्धा फेरा मागे, असा चालवला म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो. आटे पूर्ण खोलीपर्यंत पडू द्यावेत. दोन-तीनच आट्यांवर सगळा भार आला, तर मऊ पितळ सोलवटून निघते आणि मग एक माप मोठा टॅप लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शेवटी पोकळ टोपी डायच्या तोंडावर अशी बसवावी की तिची कड डायवर टेकेल आणि पुंगळीला वर येण्यासाठी टोपीच्या आत जागा राहील. वॉशर ठेवून बोल्ट टोपीतून पुंगळीच्या आट्यांत बसवावा आणि पान्याने हळूहळू आवळत जावे. बोल्ट फिरत राहतो, टोपी जागची हलत नाही, आणि पुंगळी वर खेचली जाते. सुरुवातीचे काही फेरे फार जड जातात. मग एक खट्ट असा आवाज येतो आणि त्यानंतर पुंगळी जवळजवळ विनासायास सुटते. तयार संच हाताशी नसेल तर योग्य मापाचा सॉकेट, दोन वॉशर आणि एक बोल्ट यांवरही हेच काम निभावते, कारण तत्त्वात काही फरक नाही.

काही डायची घडण मुळातच अशी असते की एवढ्या खटपटीची गरज पडत नाही. ली कंपनीच्या रायफल-डायमध्ये मधली दांडी चिमट्यासारख्या कॉलेटमध्ये धरलेली असते. कॉलेटचा नट सैल करून दांडीवर वरून पंचने ठोके दिले की अडकलेली पुंगळी दांडीसकट खाली येते.

सुटून आलेली पुंगळी लगेच टाकून देऊ नये. ती उजेडात फिरवून पाहिली की पडदा कुठे फाटला ते कळते. बहुतेक वेळा लांबट, चकचकीत ओरखडे बुडाच्या जरा वर, अंगाच्या खालच्या भागात दिसतात. पुंगळी आवळण्याचे मोठे काम तिथेच होते, आणि वंगण लावताना बोटांतून सुटतो तोही नेमका हाच भाग, कारण पुंगळी आपण बुडाशी धरलेली असते.

वंगणाबाबत मते अनेक आहेत आणि प्रत्येकाला आपले वंगण श्रेष्ठ वाटते. मेणासारखी घट्ट वंगणे बोटाने अगदी पातळ लावली जातात आणि दाबाखाली उत्तम टिकतात. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ, अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारायची वंगणेही फार चालतात. मात्र अल्कोहोल उडून गेल्यावरच मागे उरलेला थर कामाला येतो. फवारल्या फवारल्या पुंगळी डायमध्ये घालणारा माणूस वंगणावर नव्हे, तर अल्कोहोलवर भिस्त ठेवत असतो. यंत्रांना घालायचे साधे पातळ तेल येथे कुचकामी ठरते, कारण इतक्या दाबाखाली ते बाजूला सारले जाते.

कमी वंगण वाईट, तसे जास्तही बरे नाही. डायच्या खांद्यापाशी साचलेले वंगण दाबले जात नाही, त्याला निघून जायला वाट मिळाली नाही की ते पितळेलाच आत ढकलते आणि पुंगळीच्या खांद्यावर खोचा पडतात. डायच्या बाजूला दिसणारे बारीक छिद्र याचसाठी असते, आणि ते मळाने बुजलेले नाही ना, हे अधूनमधून पाहावे. तरीही निवड करायचीच असेल तर खोच पत्करावी. खोच पडलेली पुंगळी बाहेर तरी येते.

मानेच्या आतल्या बाजूचा बहुतेकांना विसर पडतो. घुंडी मानेतून ओढली जाताना कर्कश आवाज आला, तर तिथे कोरडेपणा आहे असे समजावे. ब्रशने चिमूटभर ग्रॅफाइटची किंवा अभ्रकाची पूड फिरवली तर पुरते. स्टीलच्या बारीक काड्या घालून पाण्यात घुसळून धुतलेल्या पुंगळ्यांमध्ये ही तक्रार अधिक आढळते, कारण मानेतली काजळी नकळत वंगणाचे काम करत होती आणि ती पूर्ण धुतली गेलेली असते.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठीच्या डायमध्ये बहुधा टंगस्टन कार्बाइडचे कडे असते आणि तिथे वंगणाशिवाय चालते. पिस्तुलाची काडतुसे भरत आलेला माणूस रायफलीकडे वळतो, तेव्हा ही सवय बरोबर घेऊन येतो आणि पहिल्याच दिवशी पुंगळी अडकवून बसतो.

पिन मोडण्यामागचे एक जुने कारणही येथे सांगायला हवे. प्राइमरच्या दोन पद्धती 1866 च्या सुमारास पुढे आल्या: एक अमेरिकेच्या हायरम बर्डन यांची, दुसरी ब्रिटनच्या एडवर्ड बॉक्सर यांची. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत ठिणगी जाण्यासाठी मध्यभागी एकच छिद्र असते आणि पिन त्यातून जाते. बर्डन पद्धतीत मधोमध धातूचा उंचवटा आणि बाजूंना बारीक छिद्रे असतात. तिथे पिन आपटून वाकते किंवा मोडते. गंमत अशी की पुढे अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपात बर्डनची. म्हणून नेमबाजीच्या मैदानावरून वेचलेल्या पुंगळ्यांत आतून एकदा उजेड पाडून पाहावा, आणि त्याच वेळी त्यांवरची वाळूही झटकावी, कारण वाळूचा एक कण डायला कायमचा ओरखडा देऊन जातो.

नव्या डायमध्ये गंज रोखणारा थर असतो. तो पुसून काढावा आणि पहिल्या पुंगळीला वंगण नेहमीपेक्षा जरा सढळ लावावे. पुंगळी सुटलेल्या डायलाही हाच नियम लागू आहे. तिच्या भिंतीला पितळेचे कण चिकटलेले असतात. ते बारीक पॉलिशने घासून काढले नाहीत तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर एकाच जागी उभी रेघ उमटत राहते.

आणि हाताचे म्हणणे ऐकावे. निम्म्या वाटेत दांडा नेहमीपेक्षा जड लागला तर तिथेच थांबावे, पुंगळी मागे घ्यावी, वंगण लावावे आणि पुन्हा घालावी. अर्ध्यावरून ती परत येते, पूर्ण आत गेल्यावर येईलच असे नाही.

आवळून झाले की वंगण उतरवलेच पाहिजे. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, त्यामुळे झाडताना बंदुकीच्या बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, जास्त रेटा येतो, आणि आत उरलेले वंगण बंदुकीची दारू व प्राइमर दोन्ही बिघडवते. पुंगळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात किंवा मक्याच्या कणसांच्या भुश्यात फिरवाव्यात. नीट पुसलेल्या पुंगळीवर बोट ओढले तर ते सरकत नाही, किंचित अडखळते. तशी ती लागली की मगच तिच्यात नवा प्राइमर बसवावा.