उठता उठता सांगितलेलं दुखणं

(दृश्य: मराठवाड्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. सकाळचे साडेदहा. स्त्रीरोग विभागाबाहेरच्या बाकावर बायका दाटीनं बसल्या आहेत. कॅमेरा पायांवर, चपलांवर, मांडीवरच्या पिशव्यांवर. चेहरे दाखवायचे नाहीत.)

आधी ती म्हणाली, कंबर भरून येते. मग म्हणाली, अंगावरून पांढरं जातं. डॉक्टरांनी विचारपूस केली, गोळ्या लिहिल्या, चिठ्ठी हातात दिली. ती उठली, पदर सावरला, दारापर्यंत गेली. तिथं थांबून बाहेरच्या बाकाकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "म्याडम, येक सांगायचं व्हतं. माझं अंग बाहेर येतंय."

"या मावशी, बसा," डॉक्टर म्हणाल्या. "कधीपासून?"

"धाकटा पोरगा झाला तवापासून."

धाकटा पोरगा आता बारावीला आहे. म्हणजे 17 वर्षं.

स्त्रीरोगाच्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरांना हे दारापाशीचं वाक्य चांगलं ओळखीचं असतं. कंबरदुखी, पांढरं जाणं, थकवा हे सगळं आधी येतं. खरं दुखणं उठता उठता निघतं, आणि दारात दुसरी बाई उभी असली तर तेही निघत नाही. पुस्तकांत याला गर्भाशयभ्रंश म्हणतात. घरात, शेतात, विहिरीवर बायका म्हणतात अंग बाहेर येणं, मायांग पडणं, नाहीतर पिशवी खाली उतरलीय.

(दृश्य: तपासणीच्या खोलीतला हिरवा पडदा. पडद्याखालून तिची पावलं दिसतात.)

टेबलावर चढण्याआधी ती पडद्याआड गेली आणि हातात काहीतरी लपवून बाहेर आली. तिची परवानगी घेऊन आम्ही फक्त तिची ओंजळ दाखवतो आहोत. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. धुऊन धुऊन मऊ झालेला, लिंबाएवढा घट्ट गोळा केलेला. रोज सकाळी अंग हातानं आत सारायचं, हा बोळा बसवायचा, वर लंगोटीसारखी पट्टी आवळायची आणि कामाला लागायचं. संध्याकाळी काढायचा, धुवायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून बाकीच्या कपड्यांच्या खाली वाळत घालायचा. उन्हात नाही. त्यामुळे तो नीट वाळत नाही, आणि पांढरं जाण्याचं, जंतुसंसर्गाचं एक कारण तिथंच असतं.

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. जे खाली येतंय त्याला खालून आधार द्यायचा, एवढं तिचं तिला कळलं. प्राचीन ग्रीसमध्ये, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यकग्रंथांत, याच त्रासावर अर्धं डाळिंब आत बसवायचा उपाय लिहून ठेवलेला आहे. शिडीला उलटं बांधून बाईला हलवण्याचा उपायही त्याच काळातला. आजच्या दवाखान्यात यासाठी सिलिकॉनची रिंग मिळते. मावशींचा बोळा आणि ती रिंग यांच्यामागचा विचार एकच आहे. फरक एवढाच, की रिंग आहे हे 17 वर्षांत मावशींना कुणी सांगितलं नाही.

(दृश्य: डॉक्टर टेबलावर प्लास्टिकची प्रतिकृती ठेवतात आणि तिला दाखवतात.)

लेकराला झोपवायला आपण लुगड्याची झोळी बांधतो. ओटीपोटाच्या तळाला तशीच एक झोळी असते, स्नायूंची. पुढं जघनाचं हाड, मागं माकडहाड, आणि मध्ये ही झोळी ताणलेली. तिच्यावर पुढं मूत्राशय, मागं गुदाशय आणि मधोमध गर्भाशय, उलट्या धरलेल्या लहानशा पेरूएवढं. वरून बाजूच्या हाडांना बांधणारे चिवट बंध असतात. म्हणजे पिशवी वरून टांगलेली असते आणि खालून तोललेली.

बाळंतपणात बाळाचं डोकं या झोळीतून वाट काढतं, तेव्हा काही स्नायू मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणले जातात. बहुतेक जणींचे ते काही महिन्यांत बरेच सावरतात. पण कळा तासन् तास चालल्या, पिशवीचं तोंड पुरतं उघडण्याआधीच "जोर दे, जोर दे" म्हणून बाईला जोर करायला लावलं, बाळ मोठं असलं, बाळंतपणं लागोपाठ झाली, तर झोळी कुठंतरी विरते, हाडापासून सुटते. कधीकधी त्रास लगेच होत नाही. पाळी जाते, शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, बंध सैल पडतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण तेव्हा जाणवायला लागतं. चुलीच्या धुरानं जडलेला खोकला आणि रोज कुंथायला लावणारा मलावरोध त्यात भर घालतात. एकही बाळंतपण न झालेल्या बाईलाही हा त्रास होऊ शकतो, तिच्या बंधांची मूळची ठेवणच नाजूक असली तर.

बाळंतिणीनं सव्वा महिना जड उचलायचं नाही, हा आपल्याकडचा जुना नेम. तो पाळायला घरात दुसरे हात लागतात.

(दृश्य: उसाचा फड. पहाटेचा अंधार, ट्रॅक्टरच्या दिव्याचा झोत. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते.)

मावशी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, दोघांच्या नावावर, त्यामुळे बाई बसली तर कोयता मोडतो. धाकटा झाला तेव्हा त्या कोपीतच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच, बाळंत झाल्या आणि काही दिवसांत फडात उतरल्या. उसाची मोळी 30-35 किलोंची. ती डोक्यावर घेऊन, तोल सांभाळत, अरुंद फळीवरून वर चढायचं. असं ओझं घेताना आपण श्वास रोखतो, पोट आवळतो, आणि तो सगळा दाब खाली त्या झोळीवर येतो. दिवसातून किती मोळ्या, हे त्यांनी कधी मोजलं नाही. "मोजून काय करायचं? गाडी भरायची असती."

(दृश्य: तपासणीची खोली.)

पिशवी योनीतच थोडी खाली सरकली असेल तर ती या दुखण्याची पहिली पायरी. दाराशी आली तर दुसरी. बाहेर आली तर तिसरी, आणि संपूर्ण बाहेर राहिली तर शेवटची. बरोबर मूत्राशयाची किंवा गुदाशयाची भिंतही फुगवट्यासारखी खाली उतरते. म्हणून तर कुणाला लघवी अडते आणि अंग हातानं आत ढकलल्याशिवाय मोकळं होता येत नाही, तर कुणाची खोकताना, शिंकताना लघवी सुटते. सकाळी उठल्यावर बरं वाटतं, दिवस कलेल तसं खाली ओढ लागते. आडवं झालं की अंग आपोआप आत जातं. ही खूण इतकी नेमकी आहे, की नुसतं ऐकूनच डॉक्टरांना अंदाज येतो.

मावशींचं अंग बाहेर येतं आणि झोपल्यावर आत जातं. बाहेर राहणाऱ्या भागाला लुगड्याचा घासा लागून एक छोटी जखम झालेली आहे. डॉक्टर ती नीट बघतात. जखम साधी वाटली तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतात.

"कॅन्सर हाय का म्याडम?" मावशींचा आवाज बदलतो.

हा प्रश्न त्यांच्या मनात कुठून आला, ते पुढं कळतं. पाच वर्षांपूर्वी त्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं पाच मिनिटांत सांगितलं होतं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे जमले नाहीत म्हणून ऑपरेशन राहिलं. भीती मात्र राहिली.

डॉक्टर खुर्ची पुढं ओढतात. "मावशी, अंग बाहेर येण्यानं कॅन्सर होत नाही. दोन्ही वेगळी दुखणी आहेत."

इथं मला थोडं थांबायचं आहे. या भीतीवर आपल्या राज्यात किती पिशव्या निघाल्या, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्याच्या तीस वर्षं आधी, 1989 मध्ये, गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांमधल्या 650 स्त्रियांचा डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 92 टक्के स्त्रियांना कुठलं ना कुठलं स्त्रीरोगाचं दुखणं होतं, एकेकीला सरासरी तीनपेक्षा जास्त. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. हे दोन आकडे मी शेजारी ठेवून बघते तेव्हा मला फार अस्वस्थ व्हायला होतं. जिला कुणी कधी तपासलंच नाही, तिच्यासमोर पहिल्याच भेटीत पिशवी काढण्याचा कागद येतो. मधल्या पायऱ्या तिला दिसतच नाहीत.

(दृश्य: फिजिओथेरपीच्या खोलीत दोन तरुण बाळंतिणी. एकीच्या मांडीवर बाळ.)

उपचाराची पहिली पायरी व्यायामाची. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये तो मांडला, आणि आजही पिशवी थोडीच खाली आली असेल तेव्हा सुरुवात इथूनच करतात. वारा अडवून धरावा तसा मागचा भाग आवळायचा, लघवी रोखावी तसा पुढचा, आणि दोन्ही मिळून आत, वर ओढून घ्यायचं. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, तेवढाच वेळ विसावा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि कुल्ले आवळायचे नाहीत. लघवीला बसलेलं असताना हा व्यायाम रोज करू नये, त्यानं लघवी पूर्ण होत नाही. फरक जाणवायला तीनचार महिने लागतात, आणि इथंच पुष्कळ जणी सोडून देतात. एक युक्ती लगेच कामाला येते. खोकला येण्याआधी, हंडा उचलण्याआधी आधी आवळायचं, मग उचलायचं. 15 लिटरच्या हंड्यात पाणीच 15 किलोंचं असतं, भांडं वेगळं.

झोळी हाडापासून सुटलेली असेल किंवा अंग पूर्ण बाहेर येत असेल, तर व्यायामानं ते वर जाऊन बसत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, म्हणजे बाई स्वतःला दोष देत बसत नाही.

ऑपरेशन हा शेवटचा आणि चांगला उपाय आहे, ज्यांना हवा त्यांच्यासाठी. खालच्या वाटेनं पिशवी काढून सैल पडलेल्या भिंती शिवून घेता येतात. तरुण बाई असेल, अजून मूल हवं असेल, किंवा पिशवी ठेवायची असेल, तर ती न काढता वर बांधता येते. या कामात मुंबईच्या शल्यविशारदांचा मोठा वाटा आहे. गोव्यातल्या शिरोड्यात 1899 मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यासाठी. पण गर्भाशयाला फितीनं पाठीच्या हाडाशी बांधून वर धरायची त्यांची शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावानं शिकवली जाते. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांच्या नावाची पद्धत गर्भाशयमुखाला पोटाच्या पुढच्या भिंतीशी बांधते. पिशवी ठेवूनही हे दुखणं बरं करता येतं, हे इथं, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. मग बीडच्या बाईला ते कुणी का सांगत नाही?

आणि पिशवी काढली म्हणजे कायमची सुटका, असंही नाही. झोळी तीच राहते. नंतर जड उचलत राहिलं तर योनीचा वरचा भाग पुन्हा खाली येऊ शकतो. म्हणून ऑपरेशननंतरचे दोनतीन महिने ओझं बंद. मावशींना डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दिवाळीनंतर कोयता कोण धरणार?"

अखेर त्यांनी रिंग निवडली. जखम भरेपर्यंत थांबावं लागलं. विश्रांती, मलम, स्वच्छ कोरडं कापड. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या.

(दृश्य: ट्रेमध्ये ओळीनं ठेवलेल्या रिंगा, बांगड्यांसारख्या. डॉक्टरांचा हात एक रिंग दुमडून दाखवतो.)

बांगडी भरताना हाताचं माप बघतात तसं इथंही बघावं लागतं. 65 मिलिमीटरची रिंग खोकल्याबरोबर खाली सरकली. 70 ची बसली. मग मावशींना सांगितलं, चाला. त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. उकिडवं बसा. बसल्या. जोरात खोका. खोकल्या. लघवीला जाऊन या. ही शेवटची परीक्षा महत्त्वाची, लघवी अडली तर माप बदलायचं. नीट बसलेली रिंग आत आहे हे जाणवतही नाही.

ती बसवून विसरायची वस्तू मात्र नाही. वर्षानुवर्षं तशीच राहिली तर आतल्या भिंतीत रुतते, जखमा होतात. दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं. वास येणारं पाणी जायला लागलं, रक्त दिसलं, लघवी अडली, बाहेर आलेलं अंग आत जाईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर रिंग असो वा नसो, तपासणी टाळायची नाही.

आता श्रावण चालू आहे. तीन महिन्यांनी दिवाळी उरकलेली असेल आणि टोळी कारखान्याच्या वाटेला लागलेली. फडावर रिंग कोण तपासणार? डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, आज तुम्हीच शिका. आठवड्यातून एकदा रात्री काढायची, साबणानं धुवायची, सकाळी बसवायची. मोळी उचलताना खाली आली तर घाबरायचं नाही, धुऊन परत बसवायची. सारखी यायला लागली तर मोठं माप देऊ."

पडद्याआडून पहिल्यांदा "न्हाई जमत" असं ऐकू आलं. दुसऱ्यांदाही. नर्सबाई सांगत होत्या, एक पाय स्टुलावर ठेवा, बोट आकड्यासारखं वाकवा, घाई करू नका.

(दृश्य: बेसिनचा नळ चालू आहे. मावशींचे हात. तर्जनीला कोयत्याचा घट्टा.)

तिसऱ्यांदा जमलं. त्यांनी रिंग नळाखाली धरली, साबण लावला, धुतली, आणि ओल्या तळहातावर ठेवून जरा वेळ बघत राहिल्या.

"येवढंच व्हय?"

"एवढंच मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "आता परत बसवा बघू तुमची तुम्ही."

मावशी पडद्याआड जातात.