मियाटाचा क्लच

[दृश्य: गॅरेजचं दार वर सरकतं. आत लाल रंगाची, छत मागे टाकलेली दोन सीटची गाडी.]

ही 1992ची माझदा मियाटा. जगात बहुतेक ठिकाणी तिला एमएक्स-5 म्हणतात, इथे अमेरिकेत मियाटा. 1989च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. एमजी आणि ट्रायम्फच्या छोट्या उघड्या गाड्या तोवर बंद पडल्या होत्या. जपान्यांनी तोच घाट उचलला: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. फक्त तेल गळणार नाही आणि पावसात बंद पडणार नाही, एवढं बघितलं. 2016 साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

माझी गाडी मात्र तेल गळत होती.

[दृश्य: हायवेचा लांब चढ, गाडीतून.]

न्यू जर्सीतून इंटरस्टेट 80 ने पेनसिल्व्हेनियाकडे जाताना हा चढ लागतो. ऑक्टोबरमध्ये इथेच, पाचव्या गिअरमध्ये, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. टॅकोमीटरचा काटा तीन हजारावरून चारवर गेला. स्पीडोमीटरचा जागचा हलला नाही. क्लच स्लिप मारत होता, म्हणजे इंजिन फिरत होतं, पण ताकद चाकांपर्यंत पोचत नव्हती.

एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, बाहेर तेलाचे ओघळ दाखवले आणि सांगितलं की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय, तेल क्लच प्लेटवर उतरतंय. सांगितलेला खर्च ऐकून मी गाडी परत घरी आणली.

माझे सासरे, आमचे बाबा, तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे होते. पिंपरीला टेल्कोत त्यांची सगळी नोकरी ट्रकच्या गिअरबॉक्सवर झाली. त्यांनी टॉर्च घेतला, पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग आतूनच म्हणाले, "अगं, तेल नेहमी खालीच दिसतं. ते निघतं कुठून, हे वर बघायचं असतं. आधी उतरवू आपण."

[दृश्य: गाडी चार स्टँडवर. काढलेली चाकं दोन्ही बाजूंना आडवी सरकवलेली.]

हे स्टँड. बाबा त्यांना घोड्या म्हणतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, एक मिनिटसुद्धा. काढलेली चाकं आम्ही कडेच्या पत्र्याखाली सरकवून ठेवली. घोडी सरकलीच, तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही.

बॅटरी डिकीत असते, ती आधी सुटी केली. मग आतून गिअरचा दांडा. त्याखालचं रबरी बूट फाटलं होतं आणि त्यातून गरम हवा आत येत होती. गाडी चालवताना उजवा पाय का भाजतो, ते मला त्या दिवशी कळलं. नंतर गाडीखाली गेलो: गिअर ऑइल काढलं, एक्झॉस्टचा पुढचा तुकडा सोडवला, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा) आणि डिफरन्शियलवर (ती मागच्या चाकांना वाटणारा भाग) पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली, म्हणजे परत बसवताना तोच कोन येईल. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलेंडरचे दोन बोल्ट काढून तो पाइपसकट तारेने बाजूला टांगला. पाइप सोडायची गरज नसते, सोडला की हवा शिरते आणि ब्लीडिंगचं, म्हणजे ती हवा बाहेर काढायचं, काम वाढतं.

या गाडीचं एक वैशिष्ट्य आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट असते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. तिच्यामुळेच गाडी एकसंध वाटते. ती सोडण्याआधी तिची उंची मोजून लिहून ठेवा. आम्ही दारावर खडूने लिहिली. परत बसवताना गिअरबॉक्स जरा खाली झुकलेला राहिला, तर गिअरचा दांडा थरथरतो आणि एक्झॉस्ट पत्र्याला घासतो. पुष्कळ लोक त्यासाठी नव्या क्लचला दोष देतात.

बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट पुढून हाताला लागत नाहीत. मागून, गिअरबॉक्सच्या शेपटीवरून, दोन-अडीच फुटांची एक्स्टेंशन जोडून तिथे पोचावं लागतं. बाबांनी वर एका हाताने सॉकेट बोल्टवर धरलं, मागून मी रॅचेट ओढलं. बोल्ट सुटतो तेव्हा टक्कन आवाज येतो. तो आवाज ऐकण्यासाठी आमचे सव्वा दोन तास गेले.

[दृश्य: गिअरबॉक्स जॅकवर मागे सरकतो. आतली काळसर पोकळी दिसते.]

बाबांनी आत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर भुकटी होती. कोरडी, राखाडी.

बेल हाउसिंग बाहेरून तेलाने माखलेलं, आतून मात्र कोरडं ठणठणीत. म्हणजे मागचं सील गळत नव्हतं. प्लेट तेलाने गेलीच नव्हती, तिचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलं होतं. तीस वर्षं चालली आणि संपली.

ही भुकटी हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. आम्ही ब्रेक क्लीनरने ओली करून कापडाने टिपून घेतली.

मग बाहेरचं तेल कुठलं? बाबांनी बॉनेट उघडलं, आरसा मागितला. सिलेंडर हेडच्या अगदी मागे, फायरवॉलच्या तोंडाशी कॅम अँगल सेन्सर असतो. त्याच्या बुडाला एक रबरी ओ-रिंग असते. आमची बाहेर आली तेव्हा प्लास्टिकसारखी कडक झाली होती, वाकवताच मोडली. तिथून निघालेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बरोबर बेल हाउसिंगवर उतरतं, अगदी सील गळल्यासारखं. सेन्सर एकाच बोल्टवर बसतो, पण काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करावीच लागते. जरा फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं.

[दृश्य: टेबलावर नवे भाग: 200 मिलिमीटरची प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, ऑइल सील.]

सीलवरून आमचा वाद झाला. बाबांचं म्हणणं, "कोरडं आहे त्याला हात लावायचा नाही." माझं म्हणणं, पुन्हा एवढं उतरवायचं म्हणजे अख्खा शनिवार-रविवार, आणि फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबून बसते ती इंजिनची जड चकती, तर मशीन शॉपमध्ये घासायला काढलेलंच आहे. मी अजूनही माझ्याच मताची आहे. सील शेवटी बाबांनीच बसवलं, तळहाताने चहूबाजूंनी दाबत. हातोडी घेऊ दिली नाही.

फ्लायव्हीलचे सहा बोल्ट, आट्यांना सीलंट लावून, साधारण 100 न्यूटन-मीटरला. प्रेशर प्लेटचे त्याच्या पाव टाइट, समोरासमोर, थोडे थोडे. प्लेट उलटी बसू शकते, म्हणून कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते दोनदा बघा. स्प्लाइनवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या उभ्या दातांवर, ग्रीस अगदी पुसट. जास्त झालं की फिरताना उडून अस्तरावर जातं.

[दृश्य: गिअरबॉक्स वर चढतो. जवळून: बेल हाउसिंग आणि इंजिनमधली बोटभर फट.]

हीच ती जागा. शेवटचं बोट. गिअरबॉक्स इथवर आला आणि अडला. बोल्ट लावून ओढून घ्यावा, असं माझ्या मनात आलं, हात पान्याकडे गेलासुद्धा. बाबा म्हणाले, "पान्याने ओढायचा नाही. तो आपणहून बसला पाहिजे." ओढला असता, तर बेल हाउसिंगचा कान तुटला असता, नाहीतर प्लेट वाकली असती. आम्ही इंजिनचं मागचं टोक जरा खाली झुकवलं, मी एक नजर सेन्सरवर ठेवली, तो फायरवॉलला टेकू नये म्हणून. बाबांनी बॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकला आणि मागून आउटपुट शाफ्ट हळूहळू फिरवायला लागले. थोडा इकडे, थोडा तिकडे. मी दोन्ही हातांनी बॉक्सला ढकलून धरलेलं. स्प्लाइनचे दात एकमेकांत गेल्याचं आधी माझ्या मनगटांना कळलं. मग फट मिटली.

[दृश्य: संध्याकाळ. गाडी पुन्हा चाकांवर.]

दोन लिटर गिअर ऑइल, जीएल-4 प्रतीचं. दारावरच्या खडूच्या आकड्याप्रमाणे फ्रेम. नव्या प्लेटला पहिले पाचशे मैल हळुवार हाताने चालवायचं, म्हणून इंटरस्टेट 80 आम्ही तीन आठवडे टाळला.

नंतर एका रविवारी दोघं गेलो. चढ सुरू झाला. बाबा म्हणाले, "पाचवा टाक." टाकला, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. दोन्ही काटे बरोबरीने वर गेले.

रात्री मी गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवला. सकाळी माझ्या आधी बाबा गॅरेजमध्ये होते, पुठ्ठा हातात धरून दिव्याखाली उलटसुलट बघत. एकही डाग नव्हता.