मोर्च्याआधीचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण मिशनरी म्हणून काम करत होता. सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून तो आधी तुरुंगात जाऊन आला होता, आणि इथे गांधीजींचा सत्याग्रह समजून घेत होता. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरातल्या विद्यार्थ्यांना त्याने जे शिकवलं, त्याची आठवण पोलिसी हिंसेविरुद्धच्या आजच्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीची कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या त्या जुन्या लढ्याशी तुलना करताना क्वचितच निघते.

लॉसनने शिकवलं मार कसा सोसायचा ते. शहरातल्या उपाहारगृहांच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत; चर्चमध्ये खुर्च्या मांडून तसाच काउंटर उभा करायचा. निम्मे जण बसणार, निम्मे गोऱ्या टोळक्याचं सोंग घेऊन शिव्या देणार, खुर्चीवरून खाली ओढणार. बसलेल्याने हात उचलायचा नाही, उलट बोलायचं नाही, पडलाच तर डोकं हातांनी झाकायचं. अशी तालीम महिनोन्‌महिने चालली. १३ फेब्रुवारी १९६० ला सत्याग्रह सुरू झाला. २७ तारखेला ८१ जणांना अटक झाली, पण एक तुकडी पोलीस घेऊन गेले की दुसरी त्याच खुर्च्यांवर येऊन बसायची. १० मे रोजी शहरातले काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुले झाले.

मॉन्टगोमेरीचंही तेच. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली गुरुवारी, १ डिसेंबर १९५५ ला. जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी त्याच रात्री हजारो पत्रकं सायक्लोस्टाइलवर छापली आणि सोमवारी बस रिकाम्या धावल्या. हे तीन दिवसांत जमलं, कारण त्यांच्या महिला संघटनेने बहिष्काराचा इशारा महापौरांना मे १९५४ मध्येच लेखी दिला होता.

पण बस सोडली तर कामावर जायचं कसं? सुरुवातीला टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये नेत. शहराने किमान ४५ सेंटचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग सुमारे ३०० खासगी गाड्या आणि ठरलेले थांबे अशी स्वतःची वाहतूक उभी राहिली. पोलीस क्षुल्लक कारणांवरून दंड ठोकत. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, आणि विम्याविना गाडी रस्त्यावर आणता येईना. शेवटी विमा थेट लंडनहून मिळवावा लागला. असे ३८१ दिवस निघाले. माझ्या लेखी या लढ्याचा कणा भाषणं नव्हती, हा गाड्यांचा हिशेब होता.

आता २५ मे २०२० कडे या. मिनिआपोलिस शहरात पोलिसांनी पकडलेले कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेले, पण पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो मृत्यू ‘वैद्यकीय घटना’ म्हणून नोंदला होता. एका १७ वर्षांच्या मुलीने फोनवर केलेल्या चित्रीकरणाने ते खोटं पाडलं. मतचाचण्यांच्या अंदाजानुसार पुढच्या काही आठवड्यांत दीड कोटी ते दोन कोटी साठ लाख लोक रस्त्यावर उतरले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्यात सुमारे अडीच लाख होते, तेही दोनेक महिन्यांच्या तयारीनंतर.

हा वेग ही खरी कमाई आहे, आणि खरी अडचणही तिथेच आहे. माणसं तयारीच्या आधीच जमतात. ‘उद्या सकाळी मी काय करायचं?’ या प्रश्नाला मॉन्टगोमेरीत उत्तर होतं: अमुक थांब्यावर उभं राहा. २०२० मध्ये अनेक शहरांत ते नव्हतं. तयारी अगदीच नव्हती, असंही नाही. जामीन निधी होते. फोन जप्त होईल म्हणून वकिलाचा नंबर मार्करने हातावर लिहून लोक निघत.

जुन्या लढ्याला तेव्हा सगळ्यांचा पाठिंबा होता, हा मात्र भ्रम आहे. १९६६ च्या गॅलप चाचणीत ६३ टक्के अमेरिकनांचं मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दलचं मत प्रतिकूल होतं.

शिवाय तेव्हा अन्याय कायद्याच्या पुस्तकातच छापलेला होता, तो न्यायालयाला खोडता आला. आजचा अन्याय पोलिसाच्या त्या क्षणाच्या निर्णयात लपतो आणि देशात पोलीस खाती आहेत सुमारे १८,०००. फ्लॉइड यांच्या नावाचं पोलीस सुधारणांचं विधेयक प्रतिनिधीगृहात दोनदा मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडलं.

याउलट केंटकीतलं लुईव्हिल शहर पाहा. दार न ठोठावता घरात घुसण्याचं वॉरंट घेऊन पोलीस आले आणि त्यांच्या गोळीबारात ब्रिओना टेलर गेल्या. तिथे लोकांनी अशा वॉरंटवर बंदी मागितली, आणि ज्यांच्या हातात तो अधिकार होता त्या शहर परिषदेकडेच मागितली. ११ जून २०२० ला बंदीचा ठराव २६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.