डायलिसिस फुकट आहे, रिक्षा नाही

(ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरचं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं)

नमस्कार मंडळी. माझा आवाज बारीक आहे, मागच्यांनी जरा पुढे या. आज मंगळवार म्हणून मी येऊ शकले, सोमवार बुधवार शुक्रवार माझं डायलिसिस असतं, म्हणजे किडनीचं रक्त साफ करायचं काम मशीनवर करून घ्यायचं, आणि त्या दिवशी घरी आले की मी सरळ आडवी होते, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची ताकद नसते.

मी वागळे इस्टेटला एका कंपनीत सोल्डरिंगवर होते, १९८७ ते २००९, मग कंपनी बंद पडली. मला ईपीएस ९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची पेन्शन येते, महिन्याला १,७६० रुपये. एवढीच कशी असं सगळे विचारतात, तर तिचा हिशोबच तसा आहे, पगार कितीही असू दे, आमच्या वेळी ६,५०० च्या वरचा धरायचेच नाहीत, त्याला १९९५ नंतरच्या नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं, आधीच्या वर्षांचे वेगळे थोडेसे मिळतात. महागाई भत्ता नाही. २०१६ ला मला जी लागली तीच आज येते, तेव्हाचं तेल काय भावाने होतं आणि आज काय आहे ते तुम्हाला मी काय सांगू. कमीत कमी पेन्शन १,००० केली ती २०१४ ला, ती पण तिथेच थांबलीये, साडेसात हजार करा म्हणून आमची पेन्शनर माणसं किती वर्षं मोर्चे काढतायत, त्यातली कितीतरी आता नाहीत.

मुलगा बदलापूरला असतो, तो चार हजार पाठवतो, त्याची पण दोन पोरं आहेत. म्हणजे झाले ५,७६०. कोणी म्हणालं श्रावणबाळ योजनेचा फॉर्म भरा, ६५ च्या वरच्यांना मिळते. गेले. तिथे वर्षाच्या उत्पन्नाची अट २१ हजार. माझे १,७६० गुणिले बारा किती होतात बघा, २१,१२०. एकशेवीस रुपये जास्त! खिडकीवरच्या मुलीने तीनदा कॅल्क्युलेटर दाबला, तिलाच वाईट वाटलं, पण ती तरी काय करणार.

आता डायलिसिस. ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं, एक पैसा लागत नाही आणि हे मी मनापासून सांगते, ही योजना नसती तर मी आज इथे नसते. आता कार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, आधी त्याच्याकडे जायचं, बिलिंगच्या खिडकीवर नाही. माझी चूक काय झाली, रेशन कार्डावर नाव एक आणि आधारवर स्पेलिंग दुसरं, ते दुरुस्त होईपर्यंत दोन महिने पैसे भरून डायलिसिस केलं, मंगळसूत्रातले मणी तेवढे ठेवले, बाकी सोनं गेलं. म्हणून सांगते, अंगात ताप नसताना, चालता येतंय तोवर ही दोन कार्डं समोरासमोर ठेवून नाव वाचून बघा, आजच घरी गेल्यावर बघा.

पण फुकट म्हणजे काय फुकट? मशीन फुकट. मशीनपर्यंत जायचं कसं? आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला सरासरी तेरा वेळा. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर २६ रुपयांवर पडतं, लोकमान्यनगरवरून मला एका बाजूचे ८० होतात. जाता येता १६०, तेरा वेळा, २,०८०. म्हणजे माझी अख्खी पेन्शन नुसती रिक्षालाच पुरत नाही. म्हणून जाताना बस आणि येताना रिक्षा, येताना बसमध्ये उभं राहवत नाही, चार तास रक्त फिरवून बीपी खाली आलेला असतो. एक इंजेक्शन असतं रक्त वाढायचं, ते कधी आतून मिळतं कधी बाहेरून आणायला सांगतात. बीपीच्या गोळ्या मी जनऔषधी केंद्रातून घेते, त्याने खरंच फरक पडला.

मागच्या पावसाळ्यात महिनाअखेर होती, पर्समध्ये ९० रुपये, बाहेर धो धो पाऊस, म्हटलं हा शुक्रवार राहू दे, सोमवारी जाऊ. डायलिसिस चुकलं की पाणी अंगातच साठतं, म्हणून मोजून वाटीने पाणी पीत होते तरी रविवारी रात्री आडवं होता येईना, छातीत पाणी भरल्यासारखं, खिडकीचा गज धरून बसून राहिले. शेजारच्या मुलीने १०८ ला फोन केला. तीन दिवस ॲडमिट. ऐंशी रुपये वाचवायला गेले होते मी! काटकसर साडीत करा, चहात करा, पण डायलिसिस चुकवून करू नका हो.

त्याच ॲडमिटच्या गडबडीत हयातीचा दाखला राहिला आणि पेन्शन दोन महिने अडकली. तो वर्षात कधीही देता येतो, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. सोल्डरिंगने माझे ठसे पुसलेत, मशीनवर अंगठा लागत नाही, मग मोबाईलवर चेहरा दाखवून झाला. ज्यांचे अंगठे लागत नाहीत त्यांनी तसंच माघारी फिरू नका, चेहऱ्याचं विचारा.

आणि शेवटचं, रागावू नका. आजारी म्हटलं की तुम्ही प्रेमाने शहाळं घेऊन येता. आम्हाला ते चालत नाही, पोटॅशियम वाढतं, हृदयावर येतं, केळं पण नाही. बटाटासुद्धा मी चिरून उकळून ते पाणी फेकून मग करते. शहाळ्याचे पैसे ठेवा. आमच्या शिफ्टला आम्ही तिघं एकाच बाजूचे आहोत, एका रिक्षावाल्या दादाशी बोलून ठेवलंय, तिघांत वाटून येतो, पण तो गावी गेला की अडतं. तुमच्यात कितीतरी जणांकडे गाडी आहे. महिन्यातनं एक दिवस घ्या, एकच. सोमवार, बुधवार किंवा शुक्रवार, दुपारी साडेबाराला आम्ही सुटतो, गेटच्या डाव्या हाताला बाकडं आहे तिथे बसलेलो असतो. वही आणलीये मी, नाव आणि वार लिहा.