मागच्या सीटवरचं माणूस

(दृश्य : पुणे, नाना पेठ. दुकानांबाहेर टांगलेले सायलेन्सर, हँडलबार, आरसे. गर्दीतून वाट काढणाऱ्या गाड्या.)

निवेदन :
नाना पेठेत टू-व्हीलरसाठी काय मिळत नाही, असं विचारलं तर दुकानदारालाच आठवायला वेळ लागेल. सीट कव्हर, क्रॅश गार्ड, रंगीत लिव्हर, एलईडीच्या पट्ट्या, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, इंदोरी अशा नावांचे सायलेन्सर. शोरूममधून निघालेली गाडी इथे येते, आणि मालकाला जशी हवी तशी होऊन जाते. या हौसेबद्दल आम्हाला आदर आहे. पुण्याच्या बजाजने २००१ साली पल्सर आणली, केटीएमच्या ड्यूक चाकणला तयार होतात, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घरातल्या देवांनंतर गाडीलाच मिळते. गाडीवर इथलं प्रेम खरं आहे.

पण गाडीबद्दल बोलताना आपण नेहमी हँडल धरणाऱ्याबद्दलच बोलतो. तो किती वेगाने जातो, त्याला किती अ‍ॅव्हरेज मिळतं, त्याला किती दंड झाला. या फिल्ममध्ये आम्ही मागे बसणाऱ्या माणसाकडे पाहणार आहोत. आई, बायको, बहीण, म्हातारे वडील, शाळेतून घरी निघालेली मुलगी. गाडीत काय बदलायचं, हे त्यांना बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसतं.

(दृश्य : गॅरेजच्या कोपऱ्यात काढून टाकलेल्या साडी गार्डचा ढीग.)

निवेदन :
नव्या गाडीवरून सगळ्यात आधी काय उतरतं? साडी गार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची ती लोखंडी जाळी. 'लूक जातो' म्हणून चार बोल्ट खोलले की ती भंगारात जाते. सोबत चेन कव्हर जातं, कधी मागचं मडगार्डही कापलं जातं.

ही जाळी कंपनीने शोभेसाठी लावलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२३व्या नियमात तीन गोष्टी बंधनकारक आहेत : मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं तरी मागचं चाक झाकणारं संरक्षण. नियम लिहिणाऱ्यांनी रस्ता पाहून लिहिलेला हा नियम आहे. आपल्याकडे साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसते. एका हातात पिशवी, मांडीवर मूल. पदर किंवा ओढणी वाऱ्याने मागे जाते आणि आऱ्यांत सापडते. कापड ताणलं जातं, दुसरं टोक गळ्याभोवती असतं. सांभाळायला क्षणसुद्धा मिळत नाही. पदर चाकात अडकून मृत्यू, ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची दोन इंची बातमी आपण सगळ्यांनीच वाचलेली आहे. तिथे गाडीचा वेग फार नसतो, चालवणारा दारू प्यायलेला नसतो. चाकावर जाळी नसते, एवढंच.

गार्ड असला तरी पदर खोचून आणि ओढणीला मागून गाठ मारूनच बसावं. पण ती गाठ मारायची आठवण चालवणाऱ्याने करून द्यायची असते. चाक त्याच्या गाडीचं आहे.

(दृश्य : मागची सीट उंच असलेली स्पोर्ट्स बाइक. बसणाऱ्याचे हात मूठ शोधतात.)

निवेदन :
मागची मूठ, म्हणजे ग्रॅब रेल, हीसुद्धा काढली जाते. सीटचा मागचा भाग आधीच उंच, त्यात धरायला काही नाही. मग बसणाऱ्याचा सगळा भार चालवणाऱ्याच्या खांद्यावर येतो, आणि जोरात ब्रेक लागला की दोघंही टाकीवर. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात मागच्या मागे पडलेल्या बायकांच्या कहाण्या गल्लीगल्लीत आहेत. एका बाजूला बसलेल्या माणसाला पाय दाबून तोल सावरता येत नाही. त्याला हाताचाच आधार असतो.

(दृश्य : सायलेन्सर बदलणारे हात. मग रस्त्यावर फटाक्याचा आवाज.)

निवेदन :
आता सायलेन्सर. सायलेन्सरच्या आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून सुटलेल्या वायूचा दाब त्यांतून जाता जाता विरतो आणि आवाज खाली येतो. बाजारातल्या मोठ्या आवाजाच्या नळ्यांत हा अडथळाच काढलेला असतो. फटाका वाजतो तो वेगळ्या कारणाने. चालत्या गाडीचं इग्निशन बंद करून पुन्हा सुरू केलं की मधल्या काळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचतं आणि तिथेच पेटतं. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांनुसार बनलेल्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याला हे स्फोट सोसत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. चाचणीच्या वेळी गाडीचा आवाज ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाड्यांना ८० डेसिबल, ही मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या प्रकरणात तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची दृश्यं तुम्ही पाहिली असतील.

पण घरच्या माणसाला या नळीचा पहिला त्रास कानाला होत नाही, तो पोटरीला होतो. कंपनीच्या सायलेन्सरवर उष्णता अडवणारा पत्रा असतो. बाहेरून बसवलेल्या नळीवर तो पुष्कळदा नसतो. मागून उतरताना पायाला बसलेल्या चटक्याचा काळा डाग पुढे वर्षानुवर्षं राहतो. हौस एकाची आणि डाग दुसऱ्याच्या पायावर, हे आम्हाला मान्य होत नाही.

(दृश्य : सिग्नलला थांबलेल्या गाड्या. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागच्याच्या नाही. असं एकामागून एक.)

निवेदन :
हेल्मेट. पुण्यात हा शब्द उच्चारला की वाद सुरू होतो. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्तीची कारवाई कडक झाली, तेव्हा विरोधात समिती उभी राहिली, बिनहेल्मेटचे मोर्चे निघाले. शहरात वेगच कुठे मिळतो, मान दुखते, ऐकू येत नाही, ठेवायचं कुठे, असे मुद्दे मांडले गेले. यातल्या गैरसोयी खऱ्या आहेत. गजरा माळलेल्या अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, हीसुद्धा खरी अडचण आहे, आणि ती पुरुषांनी हसण्यावारी नेऊ नये.

मात्र वेगाचा मुद्दा टिकत नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. दीड मीटरवरून खाली आलेलं डोकं डांबराला ताशी जवळजवळ वीस किलोमीटरच्या वेगाने आपटतं. गाडी सिग्नलला उभी असली तरीही. हा वेग गाडीने दिलेला नसतो, तो पडण्याचाच असतो.

हेल्मेट इथे काय करतं? बाहेरचं कवच आघात पसरवतं. आतला थर्माकोलसारखा थर चेपतो, आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला काही हजारांश सेकंद जास्त देतो. तेवढ्याने कवटी आणि मेंदू वाचू शकतात. एकदा चेपलेला थर परत फुगत नाही, म्हणून अपघात झालेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं. २००८ साली कॉक्रेन संस्थेने जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं दिसलं.

भारतात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावर मेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला हा आकडा आहे. त्यातले ३५,६९२ गाडी चालवणारे होते. उरलेले १४,३३७ मागे बसलेले.

कायद्याच्या कलम १२९ ने पुढचा आणि मागचा असा भेद केलेला नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगितलं आहे. मुंबईत ९ जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यावरही कारवाई सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभरासाठी तशाच सूचना निघाल्या. तरी घरोघरी हेल्मेट एकच असतं. गाडी घेताना मिळालेलं, आणि ते 'ह्यांचं' असतं. दुसरं घेतलंच, तर रस्त्याकडेच्या टोपल्यातून, पावती चुकवण्यापुरतं. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा क्रमांक असतो. घेताना ज्याने घालायचं त्याला सोबत न्या. पट्टा लावून हेल्मेट मागून वर ढकला. डोक्यावरून सटकलं, तर ते त्या डोक्याचं नाही. अंबाडा असेल तर मानेजवळ खाली घेऊन माप बघा. सायलेन्सर नंतर घेता येईल.

(दृश्य : शाळेचं फाटक. टाकीवर बसलेलं लहान मूल, मागे आई आणि दप्तर.)

निवेदन :
मुलांबद्दल फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम निघाला आणि वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं, सायकलचंही चालतं, आणि मूल गाडीवर असताना वेग ताशी ४० च्या वर जाऊ नये. हा नियम फार थोड्या घरांना माहीत आहे. टाकीवर बसवलेलं मूल पुढून आदळताना सगळ्यात पुढे असतं.

(दृश्य : उसाच्या शेतांमधला रस्ता. डबल सीट निघालेली गाडी, मध्ये पिशव्या.)

निवेदन :
शहराबाहेर गाडीवर दोघं असणं हेच नेहमीचं. एसटी फाट्यावर सोडते, तिथून वस्तीपर्यंत कुणीतरी न्यायला येतं. दवाखाना, आठवड्याचा बाजार, माहेर, सगळं मागच्या सीटवरून. मागे साठ-सत्तर किलोचं माणूस बसलं की गाडी वेगळी होते. पुढचं चाक हलकं होतं, मागचा शॉक दबतो, हेडलाइट वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गळिताच्या हंगामात रात्री बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली समोर उभी असेल, तर हाच उचललेला उजेड तिच्यावरून निघून जातो.

यावर खर्च काही नाही. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकला खाचा असतात, टूलकिटमधल्या पान्याने घट्ट करता येतात. डबल सीट निघायच्या आधी एक-दोन खाचा वर घ्या. मागच्या टायरची हवा एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळी असते, आकडे पुस्तिकेत आणि पुष्कळदा गाडीवरच्या स्टिकरवर असतात. हवा भरणाऱ्याला आपण 'पुढे-मागे बघा' म्हणतो, आकडा सांगत नाही. तो सांगा. आणि ब्रेक दोन्ही, नेहमीपेक्षा आधी. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस ही ब्रेकची यंत्रणा आहे. त्याने चाक लॉक होत नाही, पण वाढलेलं वजन थांबवायला लागणारं अंतर वाढायचं ते वाढतंच.

(दृश्य : टेबलावर विम्याची कागदपत्रं.)

निवेदन :
शेवटी कागद, कारण मागच्या माणसावरचा सगळ्यात मोठा अन्याय तिथे आहे आणि तो कुणाला दिसत नाही. स्वस्तात मिळते म्हणून आपण फक्त थर्ड पार्टी पॉलिसी घेतो. समजूत अशी, की तिसऱ्या माणसाला भरपाई मिळते, तर मागे बसलेल्यालाही मिळणारच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सांगितलं, की कायद्यापुरत्या घेतलेल्या पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे आपल्याच गाडीवरून पडून बायको जखमी झाली, तर त्या पॉलिसीतून तिच्यासाठी काही निघत नाही. मालक-चालकाच्या नावे मात्र १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं आहे. एकाच गाडीवर, एकाच अपघातात, पुढच्याला १५ लाख आणि मागच्याला शून्य.

सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मागे बसणाऱ्याबद्दलची जबाबदारी येते. शिवाय त्याच्यासाठी वैयक्तिक अपघाताचं संरक्षण थोडे पैसे भरून वेगळं जोडता येतं. नूतनीकरणाच्या वेळी एजंट ते आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून आपण विचारायचं. पॉलिसी मोबाइलमध्ये असेल तर आत्ताच उघडा. वर 'लायबिलिटी ओन्ली', म्हणजे फक्त थर्ड पार्टी, लिहिलंय की 'पॅकेज', ते पाहा. मग हप्त्याच्या तपशिलात 'पिलियन', म्हणजे मागे बसणारा, किंवा 'अननेम्ड पॅसेंजर' ही ओळ शोधा, आणि तिच्यापुढे रक्कम आहे का ते वाचा.